हवामानाला साजेशी बागेतील झाडे कशी निवडावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोपाच्या लेबलावर लिहिलेला झोनचा आकडा पाहून अनेक जण निश्चिंत होतात आणि मग दोन-तीन वर्षांनी झाड का गेले, असा प्रश्न घेऊन येतात. हा आकडा उपयोगाचा असला, तरी तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. बाकीचे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात. ते कोणते आणि त्यांची उत्तरे कुठे शोधायची, हे पुढे सविस्तर दिले आहे.

हार्डिनेस झोन म्हणजे नेमके काय?

एखाद्या ठिकाणी हिवाळ्यात पारा साधारण किती खाली उतरतो, त्यावरून पाडलेले भूभागाचे विभाग म्हणजे हार्डिनेस झोन. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अमेरिकेच्या कृषी विभागाची आहे. तीत एकूण १३ झोन आहेत. प्रत्येक झोन १० अंश फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ५.६ अंश सेल्सिअसचा असून त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केलेले आहेत. पहिला झोन सर्वांत थंड असून तेथे पारा उणे ४५ अंश सेल्सिअसच्याही खाली जातो, तर तेराव्या झोनमध्ये वर्षातील सर्वांत थंड रात्रही १५ अंशांच्या वरच राहते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. झोन ठरवताना हिवाळ्याचे सरासरी तापमान धरत नाहीत. दर वर्षीच्या सर्वांत थंड क्षणाचे तापमान घेऊन अशा अनेक वर्षांच्या आकड्यांची सरासरी काढतात. सरासरी असल्यामुळे काही वर्षी पारा त्याहून खाली जाणारच, हे त्यात गृहीत आहे. झोनचा आकडा ही हमी आहे असे मानले, की निराशा पदरी येते.

ही पद्धत कधीपासून आहे?

झाडे आणि थंडी यांची सांगड घालणारा एक सुरुवातीचा नकाशा अमेरिकेतील आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या कृषी विभागाचा पहिला नकाशा १९६० चा असून त्यानंतर त्याच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या. सध्याची आवृत्ती २०२३ ची आहे आणि ती १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या नोंदींवर आधारलेली आहे.

सगळ्या देशांत हीच पद्धत वापरतात का?

नाही, आणि त्यामुळे बराच गोंधळ होतो. ब्रिटनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी एच १ ते एच ७ अशी श्रेणी देते. तीत आकडा वाढेल तसे झाड अधिक थंडी सोसणारे असते: एच १ मधील झाडांना काचघर किंवा उबदार जागा लागते, तर एच ७ मधील झाडे उणे २० अंशांच्याही खाली तग धरतात. अमेरिकी पद्धतीत लहान आकडा म्हणजे जास्त थंडी, त्यामुळे दोन्ही पद्धतींचे आकडे बरोबर उलट दिशेने वाढतात. कॅनडाच्या पद्धतीत केवळ किमान तापमानावर न थांबता दव न गोठणाऱ्या दिवसांचा कालावधी, पाऊस, उन्हाळ्यातील कमाल तापमान, बर्फाचा थर आणि वारा यांचाही हिशेब धरलेला असतो. पुस्तकातील किंवा लेबलावरील आकडा वाचण्यापूर्वी तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे आधी पाहून घ्यावे.

माझ्या भागाचा तयार नकाशा नसेल, तर झोन कसा काढायचा?

जवळच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी मिळवाव्यात आणि निदान गेल्या १० वर्षांतील प्रत्येक वर्षाचे नीचांकी तापमान लिहून त्यांची सरासरी काढावी. वर्षे जितकी अधिक, तितका आकडा भरवशाचा. समजा, ही सरासरी उणे २.५ अंश सेल्सिअस आली. नवव्या झोनचा ‘ब’ भाग उणे ३.९ ते उणे १.१ अंश असा असल्यामुळे आपली जागा ‘९ ब’ ठरते. परंतु त्याच यादीत एखाद्या वर्षी पारा उणे ७ अंशांवर गेलेला दिसला, तर त्या आकड्याखाली रेघ ओढून ठेवावी. हंगामी फुलझाडांच्या दृष्टीने त्या रेघेला फारसे महत्त्व नाही; मात्र पुढील ४० वर्षांसाठी एखादा वृक्ष लावताना सरासरीपेक्षा तिच्याकडेच अधिक लक्ष द्यावे.

हवामान केंद्र आपल्यापेक्षा बऱ्याच खालच्या किंवा वरच्या उंचीवर असेल, तर दुरुस्ती करावी लागते. दर १००० मीटर चढाला हवा सरासरी ६.५ अंशांनी थंड होते, हे ढोबळ प्रमाण त्यासाठी पुरते.

आमच्याकडे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. मग या सगळ्याशी आमचा काय संबंध?

उबदार प्रदेशांत राहणाऱ्या बागप्रेमींचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. बागकामावरील बरेचसे साहित्य थंड देशांत लिहिलेले आहे आणि त्यात झाड हिवाळ्यातून निभावेल का, ही एकच चिंता केंद्रस्थानी असते. अकराव्या, बाराव्या किंवा तेराव्या झोनमध्ये राहणाऱ्याला हिवाळ्याची काळजी नसते. त्याची परीक्षा उन्हाळा, उकाडा आणि अतिवृष्टी घेतात आणि हार्डिनेस झोन याविषयी अक्षरही सांगत नाही.

ही उणीव ओळखून अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेचा स्वतंत्र नकाशा काढला. वर्षातील किती दिवस तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते, ते मोजून त्यात १२ विभाग पाडले आहेत. पहिल्या विभागात असा दिवस क्वचितच उगवतो, तर बाराव्यात असे दिवस २१० हून अधिक असतात. सुमारे ३० अंशांच्या पुढे अनेक वनस्पतींना ताण जाणवू लागतो, म्हणून ही मर्यादा धरली आहे. थंडीचा फटका बहुधा एका रात्रीत दिसतो. उष्णतेने मात्र झाड हळूहळू खंगते. कळ्या गळतात, पाने फिकी आणि लहान होतात, कीड वाढते आणि एक-दोन हंगामांनी झाड संपते. कारण उष्णता आहे, हे तोवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दिवसाच्या उन्हाइतकेच महत्त्व रात्रीच्या गारव्याला आहे. झाड दिवसा जे अन्न तयार करते, त्यातील काही भाग रात्री श्वसनात खर्ची पडतो आणि रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च वाढतो. डोंगराळ प्रदेशातील अनेक फुलझाडे मैदानी प्रदेशात भरपूर पाणी देऊनही सुधारत नाहीत, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. टोमॅटोचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे: रात्रीचे तापमान २४ अंशांच्या वर राहू लागले, की फुले येतात, पण फळ न धरता गळून पडतात.

तेव्हा उबदार प्रदेशात झाड निवडताना पुढील गोष्टी या क्रमाने तपासाव्यात, असे माझे मत आहे: उन्हाळ्यातील रात्री किती गार होतात, पाऊस वर्षाच्या कोणत्या काळात आणि किती सलग पडतो, कोरडा काळ किती महिन्यांचा असतो आणि हवेत दमटपणा किती असतो. हार्डिनेस झोन त्यानंतर.

लेबलावर ‘झोन ५ ते ९’ असे लिहिलेले असते. त्यातील दुसऱ्या आकड्याचा अर्थ काय?

पहिला आकडा थंडीची मर्यादा सांगतो आणि तो बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. दुसऱ्या आकड्याचा आशय इतकाच, की याहून उबदार ठिकाणी हे झाड नीट वाढत नाही. ते का वाढत नाही, याचा खुलासा त्यात नसतो. कधी उन्हाळा सोसत नाही, कधी दमट हवेत बुरशी लागते आणि कधी झाडाला आवश्यक तेवढी थंडीच मिळत नाही. पहिल्या दोन अडचणींवर सावली, मोकळी हवा आणि चांगला निचरा यांनी थोडीफार मात करता येते. तिसऱ्या अडचणीवर जमिनीत लावलेल्या झाडासाठी उपाय नाही.

झाडाला थंडी ‘लागते’ म्हणजे काय?

समशीतोष्ण प्रदेशातील अनेक झाडे पानगळीनंतर सुप्तावस्थेत जातात आणि ठरावीक काळ गारवा मिळाल्याशिवाय त्यातून नीट बाहेर येत नाहीत. हिवाळ्याच्या मध्यावर दोन उबदार दिवस आले म्हणून फूट निघू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज आहे. फळझाडांच्या बाबतीत हा गारवा तासांत मोजतात आणि त्यासाठी साधारणपणे ० ते ७ अंशांमधील तास धरतात. सफरचंदाच्या अनेक परिचित वाणांना ८०० ते १००० तास लागतात. तेवढे तास न मिळाल्यास पालवी उशिरा व विरळ येते, बहर एका वेळी न येता तुकड्यातुकड्यांनी येतो आणि फळधारणा होत नाही. ‘अ‍ॅना’सारखी कमी थंडीची वाणे सुमारे ३०० तासांत, किंवा त्याहूनही कमी गारव्यात फळे देतात. उबदार भागात सफरचंद लावायचेच असेल, तर वाणाचे नाव विचारल्याशिवाय रोप घेऊ नये.

पिओनी आणि लायलॅक या थंड प्रदेशांतील फुलझाडांची गोष्ट याच जातीची आहे. उबदार हिवाळ्यात ती जगली, तरी फुलत नाहीत. ट्युलिपच्या कंदांना १२ ते १६ आठवडे गारवा लागतो. तो फ्रीजमध्ये ठेवून देता येतो, मात्र त्याच कप्प्यात सफरचंदे किंवा इतर पिकणारी फळे ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातील कळी आतल्या आत मरते. असे कंद उबदार प्रदेशात एका हंगामासाठीच लावायचे असतात आणि दर वर्षी नवे आणावे लागतात, हे मनाशी धरून खर्च करावा.

दोन ठिकाणांचा झोन एकच असेल, तर एकाच यादीतील झाडे दोन्हीकडे चालतील का?

बहुतेक वेळा नाही. अमेरिकेच्या वायव्येकडील सिएटल आणि आग्नेयेकडील फ्लोरिडा राज्याच्या उत्तर टोकाचे जॅक्सनव्हिल ही दोन्ही शहरे नवव्या झोनमध्ये येतात. पहिल्या ठिकाणी उन्हाळा सौम्य आणि कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो. दुसऱ्या ठिकाणी उन्हाळा दीर्घ व दमट असून पावसाचा जोर त्याच काळात असतो. हिवाळ्याचा नीचांक सोडला, तर या दोन बागांत सारखे असे फारच थोडे सापडेल.

लॅव्हेंडर हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याचे मूळ भूमध्य सागराभोवतालच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवर आहे. कोरडा उन्हाळा त्याला मानवतो आणि मुळांशी पाणी साचलेले मुळीच खपत नाही. ऐन उन्हाळ्यात सलग पाऊस पडणाऱ्या प्रदेशात झोन जुळत असूनही त्याच्या झुडपाचा मधला भाग काळा पडून कुजू लागतो. तेथे जाडीभरडी वाळू व खडी मिसळलेल्या उंच वाफ्यात, वारा खेळेल अशा जागी ते लावले, तर काही वर्षे टिकते.

म्हणून झोन जुळवण्यापूर्वी पावसाचा काळ जुळवावा. झाडाचा मूळ प्रदेश कोणता आणि तेथे पाऊस केव्हा पडतो, ही माहिती शोधायला फार वेळ लागत नाही आणि माझ्या मते झोनच्या आकड्यापेक्षा ती अधिक काही सांगून जाते.

थंडीने झाड मरते, तेव्हा त्याच्या आत काय घडते?

पेशींच्या मधल्या पोकळीत आधी बर्फ होतो आणि तो पेशींतील पाणी बाहेर ओढून घेऊ लागतो. काटक झाडे ही कोरड सोसू शकतात. दिवस लहान होऊ लागले आणि गारवा वाढू लागला, की ती पेशींत शर्करा साठवतात आणि पेशीपटलांत, म्हणजे पेशींच्या पातळ आवरणांत, बदल करून तयारी करतात. ही तयारी हळूहळू होते. त्यामुळे ऐन थंडीत निभावून जाणारे झाड हंगामाच्या सुरुवातीला अचानक आलेल्या कडाक्यात दगावू शकते. पावसाळ्याच्या शेवटी किंवा शरदात भरपूर नत्र दिले, तर कोवळी फूट निघते आणि तीच आधी करपते.

उष्ण कटिबंधातील झाडांची गोष्ट निराळी आहे. क्रोटन, केळी आणि तत्सम झाडांना इजा होण्यासाठी बर्फ व्हावाच लागतो असे नाही. पारा १० अंशांच्या आसपास रेंगाळला, तरी त्यांच्या पेशीपटलांचे काम बिघडते, पाने काळवंडतात किंवा गळतात.

आमच्या झोनला साजेसे फळझाड लावले, तरी बहर का जळतो?

कारण झोन सुप्त झाडाचा विचार करतो, फुललेल्या झाडाचा नाही. सफरचंदाचे सुप्त झाड उणे ३० अंशांच्या आसपासचा कडाकाही सोसते. तेच झाड पूर्ण बहरात असताना उणे २ अंशांच्या थोडे खाली दहा टक्के फुले जातात आणि उणे ४ अंशांजवळ नव्वद टक्के. उशिरा बहरणारे वाण निवडणे हाच त्यावरील सर्वांत भरवशाचा उपाय आहे. जर्दाळू आणि बदाम लवकर फुलतात, म्हणून जेथे उशिराची थंडी वारंवार येते, तेथे या दोघांच्या नादी लागू नये.

एकाच बागेत दोन झोन असू शकतात का?

होय, आणि ते शोधण्यात मोठी गंमत आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि जड झाल्यामुळे उताराने खाली वाहू लागते. वाटेत घट्ट कुंपण किंवा भिंत आली, की ती तिच्यामागे साचते. उताराच्या तळाशी आणि मधल्या भागात अशा रात्री काही अंशांचा फरक पडतो. थंडीला नाजूक असलेले झाड म्हणूनच सर्वांत खालच्या कोपऱ्यात लावू नये. उताराच्या मध्यावर, थोडे वर लावावे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी किंवा विटांची भिंत दिवसभर ऊन साठवते आणि रात्री सोडते. तिच्या पायथ्याशी झोन अर्ध्या पायरीने उबदार असल्यासारखा वागतो. उष्ण प्रदेशात मात्र हीच भिंत झाडाला भाजून काढते, म्हणून तेथे पूर्वेकडची बाजू बरी: सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली येते.

किमान आणि कमाल तापमान नोंदवणारे दोन साधे थर्मामीटर आणून बागेच्या दोन टोकांना, थेट ऊन लागणार नाही असे, एक हिवाळा व एक उन्हाळा टांगून ठेवावेत आणि त्यांवरील आकडे वहीत लिहीत जावेत. कोणत्याही नकाशापेक्षा या वहीतील नोंदी पुढे अधिक कामाला येतात.

कुंडीतील झाडांना तोच झोन लागू होतो का?

नाही. जमिनीतील मुळांभोवती मातीचा मोठा साठा असतो, त्यामुळे तेथील तापमान संथपणे बदलते. कुंडीतील मुळांना चारही बाजूंनी हवा लागते. शिवाय मुळे खोडाइतकी थंडी मुळातच सोसू शकत नाहीत. थंड प्रदेशात वर्षभर बाहेर राहणाऱ्या कुंडीसाठी आपल्यापेक्षा दोन झोन अधिक थंडी सोसणारे झाड निवडावे. उष्ण प्रदेशात अडचण उलटी असते: काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू इतकी तापते, की त्या बाजूची मुळे भाजतात. फिक्या रंगाची, जाड आणि मोठी कुंडी घ्यावी आणि लहान कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे त्या परस्परांवर सावली धरतात.

हंगामी फुलझाडांसाठी झोन पाहावा का?

गरज नाही. एका हंगामात फुलून संपणाऱ्या झाडाला हिवाळा काढायचाच नसतो. त्यासाठी दव गोठण्याची पहिली व शेवटची तारीख आणि उन्हाळ्याची तीव्रता पाहावी.

आपल्या झोनबाहेरचे झाड लावून पाहावे का?

हौसेने एखादे अवश्य लावावे. मात्र बागेचा सांगाडा त्यावर उभा करू नये. सावली देणारे वृक्ष, कुंपण आणि मोठी झुडपे हा सांगाडा असतो आणि तो आपल्या झोनहून एक पायरी अधिक कणखर झाडांचाच असावा. प्रयोगाला कंद, वेली आणि लहान झुडपे ठेवावीत. हलक्या, निचरा होणाऱ्या मातीत झाड कडाका जास्त सोसते, हे विसरू नये. पुष्कळ झाडे थंडीपेक्षा थंडीतील साचलेल्या ओलीने मरतात.

दुसरी एक काळजी याहून गंभीर आहे. काही झाडांना आपले हवामान गरजेपेक्षा जास्त मानवते. शोभेसाठी देशोदेशी नेलेली घाणेरी आज कित्येक उष्ण प्रदेशांतील रानांत पसरून तेथील मूळ वनस्पतींना जागा उरू देत नाही. झाड सहज जगते, भराभर बी धरते आणि पक्षी ते दूरवर नेतात, असे दिसले, तर ते लावण्यापूर्वी आपल्या भागातील आक्रमक वनस्पतींची यादी अवश्य पाहावी.

रोपवाटिकेत काय विचारावे?

रोप कुठे वाढवले आहे आणि त्याचे बी किंवा कलम कुठले आहे, हे आधी विचारावे. एकाच जातीतही मूळ ठिकाणानुसार काटकपणा बदलतो. लाल मेपल हा वृक्ष उत्तर अमेरिकेच्या थंड उत्तरेपासून उबदार दक्षिणेपर्यंत आढळतो, पण दक्षिणेकडच्या बियांपासून वाढवलेली झाडे उत्तरेतील हिवाळ्यात टिकत नाहीत आणि उत्तरेकडची दक्षिणेच्या उन्हाळ्यात रडतखडत वाढतात. दुसरे असे, की शेडनेटमध्ये वाढलेले रोप थेट उन्हात लावू नये. आठ-दहा दिवस त्याला टप्प्याटप्प्याने उन्हाची सवय करावी.

हवामानबदलामुळे झोन बदलले आहेत का?

होय. अमेरिकेच्या २०२३ च्या नकाशात त्याआधीच्या २०१२ च्या नकाशाच्या तुलनेने देशाचा सुमारे अर्धा भाग अर्ध्या पायरीने उबदार विभागात सरकला. तरीही मोठी झाडे निवडताना घाई करू नये, असे मला वाटते. सरासरी वाढली म्हणून कडाक्याची एखादी रात्र येणारच नाही, असे होत नाही. उलट हिवाळ्यात मधेच उबदार आठवडा आला, तर झाडे लवकर फुटतात आणि त्यानंतरची साधी थंडीही त्यांना महागात पडते. उष्णता मात्र वाढतेच आहे, तेव्हा नव्या वृक्षाची वरची मर्यादा पाहताना थोडी मोकळीक ठेवावी.

कडाक्यानंतर झाड मेले की जिवंत आहे, हे कसे ओळखावे?

लगेच छाटू नये. वाळलेल्या फांद्या खालच्या भागाचे थोडे संरक्षण करतात आणि छाटणीमुळे अवेळी फूट निघण्याचा धोका असतो. फांदीच्या टोकाकडील सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढावा. आतला थर हिरवा व ओलसर असेल, तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडा असेल, तर खाली सरकत पुन्हा ओरखडा काढावा. जेथे हिरवा थर लागेल, त्या खुणेच्या वरचा भाग पालवी फुटू लागल्यावर कापावा. काही झुडपांचा वरचा भाग पूर्ण जातो आणि नवी फूट जमिनीतून येते, म्हणून नव्या हंगामाचे निदान दोन महिने वाट पाहिल्याशिवाय ती उपटू नयेत.

कलमी झाड असेल, तर नवी फूट नेमकी कोठून आली आहे, ते वाकून पाहावे. कलमाच्या सांध्याच्या वरून आलेली फूट आपल्या वाणाची असते आणि ती राखावी. सांध्याच्या खालून आलेली फूट खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रोपाची असते. ती कितीही जोमदार दिसली, तरी तिच्यावर आपण लावलेल्या वाणाची फुले-फळे येणार नाहीत. वरून काहीच फुटले नाही, तर ते झाड गेले असे समजून तेथे अधिक कणखर वाण लावावे.